राईडमागे चौदाशे रुपये

सकाळचे सहा सत्तावन्न. ऑर्लँडोतल्या हॉटेलच्या लॉबीत ठाण्याचे एक काका दोन हातात दोन फोन धरून बसलेले, समोर त्यांचा मुलगा तिसरा फोन घेऊन, आणि बायको मागे उभी राहून घड्याळ बघत सेकंद मोजतेय. मला वाटलं घरी कोणाचं काही झालं की काय. विचारलं तर म्हणाले, थांबा थांबा, बोलू नका, सातला व्हर्च्युअल क्यू उघडतोय.

२०२४ चा जूनचा पहिला आठवडा. मी टूर मॅनेजर, अकरा वर्षं झाली, अमेरिका ईस्ट कोस्टची टूर होती, ३१ माणसं. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन सगळं नीट पार पडलेलं, सामान हरवलं नाही, कोणाचा पासपोर्ट हरवला नाही, आणि आता शेवटचा टप्पा डिस्ने. दरवर्षी मला सगळ्यात जास्त टेन्शन याच टप्प्याचं असतं कारण लिबर्टी स्टॅच्यू बघायला आलेल्या माणसाला फोटो मिळाला की तो खूश, पण मॅजिक किंग्डममध्ये प्रत्येकाला वाटत असतं की दुसऱ्याने आपल्यापेक्षा जास्त बघितलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाही, चार आहेत, पहिलं मॅजिक किंग्डम १९७१ साली उघडलं, आणि सगळी जागा मिळून साधारण ४० चौरस मैल. मॅजिक किंग्डमच्या तर दारातसुद्धा आमच्यासारखी टूरची बस जात नाही. अलीकडे एका स्टेशनवर उतरायचं, बॅगा तपासायच्या, मग मोनोरेलने तलावाला वळसा घालायचा नाहीतर बोटीने तो ओलांडायचा, मग पार्कचं दार. तिकीट त्या दिवसांत दीडशे डॉलरच्या वर, म्हणजे माणशी बारा-तेरा हजार रुपये, आणि ते फक्त आत जायचे. रांग टाळायची तर जिनी प्लस म्हणून वेगळे पैसे भरायचे, त्यात तेव्हा सकाळी सातला पहिल्या राईडचा स्लॉट मिळायचा, आणि तो वापरेपर्यंत किंवा १२० मिनिटं होईपर्यंत दुसरा घेता येत नव्हता. त्यातही ट्रॉन नावाची जी नवी राईड होती तिला साधी रांगच नव्हती, सात वाजता आणि दुपारी एक वाजता ॲपवर नंबर लावायचा, हाच तो व्हर्च्युअल क्यू, आणि काही सेकंदांत खेळ खल्लास. तात्काळचं तिकीट काढल्यासारखंच, फक्त आयआरसीटीसीच्या जागी मिकी माऊस.

काकांना नंबर लागला. लॉबीत अशी आरोळी ठोकली की वॉफल खाणारे अमेरिकन वळून बघायला लागले.

काकांनी मुंबईतूनच एक्सेल शीट बनवून आणलेली. कुठली राईड किती वाजता, दोन राईडमध्ये चालायला किती मिनिटं, आणि शेवटच्या कॉलममध्ये खर्च भागिले राईड. बारा झाल्या तर अकराशे, नऊ झाल्या तर चौदाशे, असं. मला दाखवून म्हणाले, चौदाशेच्या वर जाऊ द्यायचं नाही. मी हसलो, पण खरं सांगायचं तर मी पण आतून त्याच पंथाचा. ऑफिसात मी मिरवायचो, माझ्या ग्रुपने अकरा राईड केल्या, तुझ्या ग्रुपने किती?

बसमध्येच दोन पार्ट्या पडल्या. काकांसकट चौदा जण, त्यांना मी मनात एक्सप्रेस म्हणायला लागलो. उरलेले सतरा पॅसेंजर. पॅसेंजरमध्ये सांगलीच्या एक आजी होत्या, वय ७४, नऊवारी, पायात मुलाने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज आणि डोक्यावर आमच्या कंपनीची पिवळी टोपी. न्यूयॉर्कपासून त्यांचे फोटो काढायला लोक थांबवत होते. आजींचा एकच प्रश्न सगळीकडे, तिथं बसायला आहे का?

एक्सप्रेस मोनोरेलने गेली, पॅसेंजर बोटीने. पार्कच्या दारात दोन्ही पाच मिनिटांच्या फरकाने पोचल्या हे मी काकांच्या लक्षात आणून दिलं नाही.

दारात तिकीट टेकवून बोट स्कॅन करावं लागतं. आजींचं बोट काही लागेना. तीनदा पुसलं, पदराला पुसलं, नाहीच. आजी शांतपणे म्हणाल्या, आधारला पण हेच, रेशनला पण हेच, भांडी घासून गेल्या रेघा. तिथल्या बाईंनी, म्हणजे तिकडे सगळ्या स्टाफला कास्ट मेंबर म्हणतात, पासपोर्ट बघितला आणि हसून आत सोडलं. काका पलीकडून हातवारे करत होते, चला, चार मिनिटं गेली.

आणि इथे मी चूक केली. ३१ माणसांना मी एकटा. नियमाने मी हळू जाणाऱ्यांबरोबर राहायला पाहिजे होतं कारण मदत त्यांनाच लागते, पण एक्सप्रेसबरोबर पळण्यात एक मजा असते, आपण फार कामाचे आहोत असं वाटतं, लोक विचारतात आता कुठे, आपण बोट दाखवतो. तर पॅसेंजरवाल्यांना मी नकाशे दिले, पाणी कुठल्याही खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं हे सांगितलं, तीन वाजता किल्ल्यासमोर भेटू म्हटलं, आणि पळालो.

पळालो म्हणजे खरंच पळालो. एक वाजेपर्यंत सहा राईड झाल्या. ट्रॉन झाली, स्पेस माउंटन झाली, बिग थंडर झाली. जेवणाची पाकिटं, त्यात जिरा राईस आणि छोले, ती रांगेत उभ्यानेच खाल्ली. पीटर पॅनला स्लॉट मिळाला नाही तर काका म्हणाले साध्या रांगेत लागू, पाटीवर ७५ मिनिटं, आणि राईड तीन मिनिटांची. चांगली आहे हो, छताला लटकणाऱ्या होडीतून लंडनवरून उडत जातो आपण, पण त्या ७५ मिनिटांत बोरिवलीच्या एका जोडप्याचं असं भांडण झालं की मी नकाशात डोकं घातलं ते वर काढलंच नाही. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा रेलिंगला टेकून उभ्या उभ्या झोपला. राईडमध्ये त्याला उचलून बसवला, उतरताना उचलून काढला. काकांनी शीटमध्ये सात लिहिलं.

मग अडीचला आभाळ आलं. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी हे बऱ्याचदा होतं, सकाळभर घामाने अंग चिकट, दुपारी काळं कुट्ट, आणि मग आपला कोकणातला पाऊस परवडला असा पाऊस. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राईड्स बंद करतात. काकांच्या शीटमध्ये पुढच्या तिन्ही राईड उघड्यावरच्या. काका आभाळाकडे असे बघत होते जसं काही त्याने शब्द मोडलाय.

आणि मला आठवलं की मी सतरा माणसांना तीन वाजता किल्ल्यासमोर बोलावलंय. म्हणजे भर मोकळ्या जागेत. १८९ फुटी किल्ला आहे, सुंदर आहे, पण छत्री म्हणून काही कामाचा नाही.

पोचलो तेव्हा आजूबाजूच्या दुकानांच्या पागोळ्यांखाली विखुरलेली माणसं गोळा केली. एक, दोन, पाच, नऊ, सोळा. परत मोजलं. सोळाच. आजींची सून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. आई वॉशरूमला जाते म्हणाल्या हो, टुमारोलँडमध्ये, तेव्हा दोन वाजलेले, मला वाटलं त्या नाशिकवाल्यांबरोबर येतील, नाशिकवाल्यांना वाटलं त्या आमच्याबरोबर आहेत. आजींकडे फोन नव्हता. रोमिंग कशाला, आपण सगळे बरोबरच तर आहोत, हे मीच त्यांना मुंबई विमानतळावर सांगितलेलं.

मी दिंडीत चुकलेली माणसं पाहिलेली आहेत, जत्रेत चुकलेली पाहिलेली आहेत, तिथे लाऊडस्पीकरवर पुकारतात, सांगलीहून आलेल्या अमुक अमुक जिथे असतील तिथून. इथे तसलं काही नाही. पार्कातच मेन स्ट्रीटवर सिटी हॉल म्हणून ऑफिस आहे, तिथे जाऊन वर्णन द्यायचं. मी भिजून चिंब, तिथल्या मुलीने शांतपणे विचारलं, कपडे कसे? आता नऊवारी इंग्लिशमध्ये कशी सांगणार, मी म्हटलं नऊ यार्डांची हिरवी साडी, पांढरे शूज, पिवळी टोपी. तिने पेन थांबवून वर बघितलं. म्हणाली, लपून राहणार नाहीत त्या.

ती फोन करत होती तोवर मी सुनेला तिथेच बसवून टुमारोलँडकडे निघालो. डोक्यात काय काय. ७४ वय, बीपीची गोळी, इन्शुरन्सचा नंबर, मुलाला काय सांगू. वॉशरूम बघितलं, सुनेने आत जाऊन बघितलेलं होतंच, पण मी बाहेर उभं राहून मोठ्याने आजी आजी केलं. तिथून चार पावलांवर कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस नावाचा शो. त्याच्या दारातल्या कास्ट मेंबर आजोबांना विचारलं, पिवळी टोपी? त्यांनी तीन बोटं वर केली. मला वाटलं तीन नंबरचं दार. तर म्हणाले, तिसऱ्यांदा बघतायत, आत्ताच परत आत गेल्या.

आत शिरलो आणि मागे दार बंद झालं. दुसऱ्याच रांगेत आजी, शूज काढून पाय मोकळे सोडलेले, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवाचा डबा. मला बघून म्हणाल्या, आलास? बस, सुरू होतंय.

मी सुनेला मेसेज टाकला, सापडल्या. मग उठायला गेलो तर अख्खं थिएटरच फिरायला लागलं. या शोची गंमतच ती आहे, स्टेज जागेवर राहतं आणि प्रेक्षक खुर्च्यांसकट गोल फिरत एका सीनवरून दुसऱ्यावर जातात, त्यामुळे मधेच उठून जायची सोय नाही. वीस-एक मिनिटं. अकरा वर्षांत मी शंभर वेळा याच्या समोरून गेलो असेन आणि प्रत्येक ग्रुपला सांगितलं असेल, हे सोडा, म्हाताऱ्यांचं आहे, वेळ जाईल. १९६४ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरसाठी बनवलेलं, जुनं, रांग नसतेच.

एक कुटुंब, माणसं बोलक्या बाहुल्यांसारखी यंत्राची, आणि त्यांचं घर शतकाच्या सुरुवातीपासून कसं बदलत गेलं ते. आजींना इंग्रजी येत नाही. पण तिसऱ्यांदा बघत होत्या त्यामुळे मलाच समजावून सांगत होत्या. ही बघ, इस्त्री करतेय, हिला पण वाटतंय की धुण्याचं मशीन आलं म्हणजे फार सुख आलं. पुढच्या सीनमध्ये फ्यूज उडून अंधार झाला तर आजी खुदकन हसल्या, गेली बघ, आपल्यासारखीच. तिसऱ्यात नवरा बायकोच्या मिक्सरने भिंतीचा रंग ढवळतोय आणि रंग उडतो. इथे आजींना राग आला, तिन्ही वेळा आला असावा. मिक्सर म्हणजे काय वाटलं मेल्याला, त्या म्हणाल्या. मग अंधारात हळूच सांगितलं, त्यांचा पहिला मिक्सर भिशीच्या पैशातला, नवऱ्याला न विचारता आणलेला, आणि आठ दिवस तो माळ्यावर गोधडीत लपवून ठेवलेला. बाहेर पाऊस, आत एसी, माझे ओले मोजे, आणि मी विचारतोय, मग कळलं कसं? चटणीवरून, आजी म्हणाल्या, पाट्यावरची नाही हे पहिल्या घासाला ओळखलं. बोलले काही नाहीत, दोनदा वाढून घेतली.

शेवटच्या सीनमध्ये आज्जीबाई डोळ्यांवर तो व्हीआरचा चष्मा लावून गेम खेळते. आजींनी मला कोपराने ढोसलं, ही आवडते मला.

बाहेर आलो तर पाऊस थांबलेला, सून रडली, मग ओरडली, मग परत रडली. आजी म्हणाल्या, मी काय हरवले नव्हते, मी एका जागी होते, पळत तुम्ही होतात. यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

पण म्हणून पॅसेंजरवाले जिंकले असं समजू नका. नाशिकच्या जोडप्याने रात्री फीडबॅक फॉर्मवर लिहिलं की दिवसात चारच राईड, टूर मॅनेजर आमच्याबरोबर नव्हता, पैसे वाया. शब्दन् शब्द खरा होता. आणि एक्सप्रेसमधली कॉलेजची दोन पोरं, त्यांना विचाराल तर आयुष्यातला बेस्ट दिवस, पाऊस थांबल्यावर गर्दी पांगली तेव्हा बिग थंडरवर ती लागोपाठ दोनदा बसली. आतषबाजीच्या वेळी मात्र किल्ल्यासमोर बोरिवलीचा मुलगा बापाच्या खांद्यावर गाढ, बाप म्हणतोय उठ रे बघ रे, तो काही उठला नाही. काका एका पायावर भार देऊन उभे, दुसरा गुडघा सुजलेला. बसमध्ये शीट काढून म्हणाले, नऊ. चौदाशे चव्वेचाळीस. मग थोड्या वेळाने म्हणाले, जिनीचे धरले तर जास्त होतात. मग शीट खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी एपकॉट, त्या चारातलंच एक पार्क. तिथे तलावाभोवती अकरा देश मांडलेत, चालत फेरी मारायची. रात्रीच ड्रायव्हरशी बोलून एक परतीची खेप दुपारी दोनला लावून घेतली, त्यांच्या ड्युटीच्या तासांचे नियम कडक असतात त्यामुळे थोडी घासाघीस झाली, आणि ग्रुपवर टाकलं की मी स्वतः हळूवाल्यांबरोबर असणार, ज्याला पळायचंय त्याने पळा, जमायची जागा छपराखालची.

सकाळी सहा सत्तावन्नला लॉबीत काका परत दोन फोन घेऊन बसलेले. गुडघ्याला क्रेप बँडेज. एपकॉटच्या मोठ्या रोलर कोस्टरचा नंबर पण तेव्हा सातलाच असायचा. मागून आजी आल्या, टोपी घालून तयार, काकांच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकून बघितलं आणि मला विचारलं, यात बसायला खुर्ची आहे का?

आहे, म्हटलं, पण ती गरगर फिरते आजी, आणि अंधारात पळते.

मग मी बाहेर बसते, आजी म्हणाल्या. आणि कुठं बसले ते या वेळी तू लिहून घे.