सव्हॅना: चौक, ओक आणि विटांचा किल्ला

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं सव्हॅना हे पायी हिंडून बघायचं गाव आहे. अटलांटाहून गाडीने साधारण चार तास लागतात. पोचल्यावर गाडी पार्किंग गॅरेजमध्ये लावून टाका. किल्ल्याकडे निघेपर्यंत तिची गरज पडत नाही. जुन्या भागात 'डॉट' नावाची मोफत बस फिरते, त्यामुळे आई-बाबा सोबत असले तरी अडत नाही.

जेम्स ओग्लथॉर्पने १७३३ मध्ये सव्हॅना नदीच्या उंच काठावर हे गाव वसवलं आणि तेव्हाच चौकांचा, म्हणजे घरांच्या मधोमध सोडलेल्या चौकोनी मोकळ्या जागांचा, आराखडा आखला. चौकाच्या उत्तर-दक्षिणेला राहती घरं, पूर्व-पश्चिमेला सार्वजनिक इमारतींच्या जागा. गाव वाढत गेलं तसे चौक २४ झाले आणि त्यातले २२ आजही आहेत. हे आपोआप टिकलेलं नाही. १९५४ मध्ये जुनी मंडई पाडून तिथे पार्किंगची इमारत उभी राहिली, तेव्हा गावकरी खडबडून जागे झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी संस्था काढून डेव्हनपोर्ट हाउस हे जुनं घर वाचवलं. पुढे ती पार्किंगची इमारतही गेली आणि तिथला एलिस चौक २०१० मध्ये पुन्हा खुला झाला. आपल्याकडचे जुने वाडे एकेक करून पडताना पाहिलेत, म्हणून मला या गावाचं फार कौतुक वाटतं.

बुल स्ट्रीट धरून नदीकडून दक्षिणेकडे सकाळी लवकर चालत निघा. वाटेत पाच चौक लागतात आणि शेवटी फोर्साइथ पार्कमधलं १८५८ सालचं कारंजं. लाइव्ह ओक या सदाहरित झाडांच्या फांद्या डोक्यावर एकमेकींना भिडलेल्या आणि त्यांवरून राखाडी स्पॅनिश मॉसच्या जटा लोंबणाऱ्या. नावात मॉस, म्हणजे शेवाळ, असलं तरी ही वनस्पती अननसाच्या कुळातली आहे. ती झाडाचा रस शोषत नाही, हवेतल्या ओलाव्यावर जगते. खाली पडलेला झुबका उचलू नका, त्यात चावरे किडे असतात.

फक्त सुंदर घरं बघून परत येऊ नका, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. इथे सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती. १७५१ मध्ये ती उठली आणि पुढचं वैभव गुलामांच्या श्रमावर उभं राहिलं. १८१९ च्या ओवेन्स-थॉमस हाउसमध्ये हवेलीच्या मागे गुलामांच्या राहण्याच्या खोल्या जपल्या आहेत. तिथल्या छतावर निळ्या रंगाचे जुने थर अजून दिसतात. या रंगाने भुतंखेतं दूर राहतात अशी समजूत होती. दर्शनी दालनांआधी या खोल्यांत थोडा वेळ थांबा, मग समोरचा झगमगाट वेगळा दिसतो. फ्रँकलिन चौकातल्या फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरातल्या जमिनीत शंकरपाळ्याच्या आकारात पाडलेली भोकं आहेत. पळून आलेली माणसं त्या जमिनीखाली लपत आणि या भोकांतून त्यांना हवा मिळे, असं तिथले मार्गदर्शक सांगतात. चर्चची फेरी ठरावीक वेळीच असते, त्यामुळे आधी चौकशी करून जा.

किल्ल्यांची आवड असेल तर फोर्ट पुलास्कीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. टायबी बेटाकडे जाणाऱ्या हायवे ८० वर हा पाच बाजूंचा किल्ला आहे. भोवती पाण्याचा खंदक, आत शिरायला उचलता पूल आणि साडेसात फूट जाडीचे विटांचे तट. १८२९ मध्ये सुरू झालेलं काम संपायला १८४७ उजाडलं. हे तट अभेद्य आहेत असाच सगळ्यांचा समज होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात किल्ला दक्षिणेच्या ताब्यात होता. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने टायबी बेटावरून, मैलाहून जास्त अंतरावरून, नळीत आटे पाडलेल्या नव्या तोफा डागल्या. त्यांचे गोळे गोल नव्हते, लांबट होते. फिरत येऊन ते विटांत खोल घुसत. आग्नेय कोपऱ्याला खिंडार पडलं आणि त्यातून आलेले गोळे समोरच्या दारूकोठारापर्यंत पोचू लागले. कोठार उडालं तर सगळेच मरणार, म्हणून किल्लेदार ओल्मस्टेडने शरणागती पत्करली. तीस तासांत सगळं आटोपलं होतं. त्या मारगिरीच्या खुणा, काही ठिकाणी तर रुतलेले गोळेही, बाहेरच्या तटावर अजून दिसतात. म्हणून आतून पाहून झालं की खंदकाच्या बाहेरून पूर्ण चक्कर मारा.

किल्ल्याकडे जाणारा हायवे ८० खाऱ्या दलदलीतून जातो आणि मोठ्या भरतीला कधीकधी त्यावर पाणी येतं, म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ बघून घ्या. पुढे टायबीच्या दीपगृहाला १७८ पायऱ्या आहेत. वर्मस्लो या जुन्या मळ्यातली दीड मैलांची ओकची दुतर्फा रांग फोटोसाठी छान आहे, पण वेळ कमी असेल तर ती वगळा. किल्ला वगळू नका.

आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो, हवा सुखाची होती. मार्चच्या मध्यावर सेंट पॅट्रिक डे या आयरिश सणाची तुफान गर्दी असते, वसंतात बारीक चावऱ्या माश्या आणि उन्हाळ्यात घामाच्या धारा.

शाकाहारींनी नीट विचारून मागवावं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या रव्याची पेज, पण ती बरेचदा कोळंबी घालून देतात. कोलार्ड ग्रीन्स ही पालेभाजी असली तरी तिच्यात सहसा डुकराचं मांस असतं. चीज घातलेले साधे ग्रिट्स, भेंडीची भजी आणि बिस्किटं (इथे म्हणजे मऊ, छोटे पाव) यांवर मात्र पोट छान भरतं. रिव्हर स्ट्रीटवर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या फार उभ्या आहेत आणि खालचा रस्ता जहाजांतून भार म्हणून आलेल्या गोट्यांचा आहे, तेव्हा चपला नकोत, बूटच घाला. तिथूनच पलीकडच्या हचिन्सन बेटावर मोफत फेरीबोट जाते. संध्याकाळी तिच्यातून एक चक्कर मारा. कंटेनरची अजस्र जहाजं बंदराकडे जाताना अगदी जवळून दिसतात.