किती वेळ बघितलंस?

आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात एकच सूक्ष्मदर्शक यंत्र होतं, खाली फिरवायचा गोल आरसा असलेलं. मी 1988 साली दहावी झाले. आठवीत येईपर्यंत ‘जंतू’ हा शब्द मी फक्त आईच्या ‘हात धू आधी’ या दटावणीबरोबरच ऐकला होता.

विज्ञानाचे सर श्रावणात आम्हाला शाळेमागच्या वावरात घेऊन गेले. त्यांनी भुईमुगाचं एक रोप अलगद उपटलं, मुळं पाण्यात धुतली आणि मुळांवरच्या मोहरीएवढ्या गाठी दाखवल्या. आम्हाला वाटलं, कीड लागली. सरांनी ब्लेडने एक गाठ चिरली. आत लालसर गुलाबी रंग! रायझोबियम नावाचे जिवाणू तिथे राहतात, हवेतला नायट्रोजन झाडाला चालेल अशा रूपात बांधतात आणि झाड त्यांना साखर देतं, असं सरांनी सांगितलं. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीच्या द्रव्याचा. नायट्रोजन बांधणाऱ्या विकराला (एन्झाइमला) मोकळा ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना लागेल तसा पोचवतं. त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना हे सगळं सांगितलं. पुढे कित्येक वर्षं ते पेरणीआधी जिवाणू खताचं 250 ग्रॅमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून 10 किलो बियाण्याला चोळत आणि बियाणं सावलीत सुकवत. उन्हात टाकलं तर जिवाणू मरतात, हे ते गावात सगळ्यांना बजावून सांगत.

मग तळ्यातल्या पाण्याचा थेंब. माझी पाळी आली, मी डोळा लावला आणि म्हणाले, ‘‘सर, काहीच नाही.’’ सर म्हणाले, ‘‘नाही म्हणू नकोस. किती वेळ बघितलंस ते सांग.’’ मी परत वाकले. बऱ्याच वेळाने चपलेच्या आकाराचा एक जीव कडेने सरकत गेला. तो पॅरामेशियम. एका पेशीचा आदिजीव. मलेरियाचा प्लाझमोडियमही याच गटातला. हिरवे धागे होते ते शैवाल. कवकं दाखवायला सरांनी ओलसर भाकरीवरची बुरशी आणली. ज्वारीच्या कणसावरची काणी आणि अंगावरचा नायटा ही दोन्ही कवकांचीच कामं, हे ऐकून वर्गातली शेतकऱ्यांची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. विषाणू मात्र त्या यंत्रातून दिसणार नव्हता. सर म्हणाले, ‘‘जिवाणू हा आपला वर्ग धरला, तर विषाणू म्हणजे तुमचं दप्तर.’’ 1892 साली रशियात इवानोव्स्कीने रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने निरोगी झाडं आजारी पडली. जिवंत पेशीत शिरल्याशिवाय विषाणूची संख्या वाढत नाही, त्यामुळे त्याला जिवंत म्हणावं की नाही यावर सरांनी अख्खा तास वाद होऊ दिला.

लोणार सरोवराची सहल तर सगळ्यांनाच आठवत असेल. एवढ्या खारट पाण्यात मासा नाही, आणि तरी पाणी हिरवंगार! तो रंग नील-हरित शैवालाचा. 2020 च्या जूनमध्ये तेच सरोवर गुलाबी झालं, तेव्हा मला पहिली आठवण सरांची आली. पाणी आटून क्षार वाढले आणि मिठात वाढणारे हॅलोआर्किया फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. आर्किया हा जिवाणूंहून निराळा गट आहे हे अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वोज यांनी 1977 मध्येच मांडलं होतं, पण आमच्या पुस्तकात तो नव्हता.

मी पुढे लॅब टेक्निशियन झाले. क्षयाच्या रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पसरायचा, लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत तापवायचा, आम्लाने धुवायचा, वर निळा रंग द्यायचा. क्षयाचे जिवाणू आम्लालाही लाल रंग सोडत नाहीत. निळ्यात बारीक लाल काड्या दिसल्या की निदान झालं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक काचपट्टी वीस-पंचवीस ठिकाणी बघून ‘निगेटिव्ह’ लिहिली. वरिष्ठांनी ती पुन्हा तपासली, तर काड्या होत्या, विरळ, पण होत्या. तो माणूस तसाच घरी गेला असता, लेकराबाळांत खोकत राहिला असता. त्या रात्री मला सरांचा प्रश्न छातीत रुतल्यासारखा झाला. निगेटिव्ह म्हणण्याआधी काचपट्टीवरची किमान 100 क्षेत्रं बघायची, हा नियम मी तेव्हापासून एकदाही मोडलेला नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात आले, तेव्हा ते यंत्र कपाटात मागे सापडलं. भिंगं पुसली, आरसा खिडकीकडे वळवला. मुलांनी तळ्याचं पाणी आणलं. सातवीतली एक मुलगी वाकली आणि लगेच उठून म्हणाली, ‘‘मॅडम, काहीच नाही यात.’’

‘‘किती वेळ बघितलंस?’’ मी विचारलं.

ती परत वाकली. मागची रांग चुळबुळ करत होती, घंटा झाली, तरी तिने डोळा काढला नाही. मग हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, हा कुठं चाललाय?’’