गोळी सुटत नाही, तपासणी सुटते

इंदूरला मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर असतो, रामबाग, लोकमान्य नगरकडची बरीच मराठी घरं आमच्याकडचीच. 2024 च्या ऑक्टोबरात एनपीपीएनं, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, आठ औषधांच्या कमाल किमती 50 टक्के वाढवल्या, त्यात लिथियमची 300 मिलीग्रामची गोळी पण होती. कच्चा माल महागलेला, कंपन्या बनवणंच बंद करायला निघालेल्या, म्हणून ही वाढ. ते मला पटतं, गोळीच बाजारातून गेली तर पेशंटनं काय करायचं?

दवा बाजारातून, म्हणजे इथल्या औषधांच्या घाऊक बाजारातून, नव्या रेटचा माल आला आणि त्याच आठवड्यात एक काकू आल्या, मुलाला बायपोलर आहे, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार, लिथियमची गोळी कित्येक वर्षं चालू. रिकामी पट्टी नेहमी सोबत आणतात, नवीच्या शेजारी धरून एमआरपी वाचतात. "एवढी वाढली रे?" म्हणाल्या आणि तरी महिन्याच्या सगळ्या पट्ट्या घेतल्या, एक कमी नाही. प्रोटीन पावडर महागली की लोक डबा जागेवर ठेवतात, इथं नग तेवढेच आणि बिल दीडपट. मालक महिन्याचा रिपोर्ट बघून म्हणे लिथियमचा सेल वाढला. अहो, एक गोळी जास्त नाही विकली आपण, फक्त लोकांचे पैसे जास्त गेले!

आता एकट्या लिथियमचा फरक तसा थोडा, पण सोबत आणखी औषधं असतात, आणि सरकारी यादीतल्या औषधांना 2022 च्या एप्रिलात 10.76 टक्के, 2023 ला 12.12 टक्के वाढवायची मुभा मिळालेलीच होती. मग ते पैसे येतात कुठून? पर्चीवर डॉक्टरांनी लिथियम लेव्हल, म्हणजे रक्तातलं लिथियमचं प्रमाण बघायची तपासणी, लिहिलेली दिसली म्हणून रिपोर्ट विचारला. "ती पुढच्या महिन्यात करू, आधी गोळ्या." स्वतःचं कॅल्शियम तर त्यांनी केव्हाच सोडलेलं.

मला तिथंच धस्स झालं. लिथियममध्ये उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यात अंतर फार कमी, जुलाब लागले, पाणी कमी पडलं, कुणी दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन दिली की रक्तातलं प्रमाण चढतं, हात थरथरायला लागतात. किडनी, थायरॉइडवर पण लक्ष ठेवावं लागतं. म्हटलं काकू, डॉक्टरांना स्पष्ट सांगा खर्च झेपत नाही, स्वस्तात कुठं होते ते सांगतील, पण लेव्हल टाळू नका.

त्या झाल्या तयार. आता लिथियमची पर्ची आली की मी शेवटची लेव्हल कधी केली ते विचारतोच, मागे लाइन लागते, मालक कुरकुरतात, कुरकुरू देत.