उजव्या हाताची पकड

निवड चाचणीला आलेल्या खेळाडूच्या चेहऱ्याआधी मी त्याचा उजवा हात पाहतो. हॉकी स्टिक फिरवण्याचे काम डाव्या हाताचे असल्यामुळे तो स्टिकच्या वरच्या टोकाला घट्ट असावा लागतो. खालचा उजवा हात मात्र सैल, केवळ आधार देणारा असावा लागतो. घाबरलेला खेळाडू नेमका हाच हात आवळून धरतो. मग चेंडू अडवताना स्टिक जराही मागे जात नाही, चेंडू तिच्यावर आपटून पुढे उडतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की या मुलाला साधा स्टॉपसुद्धा जमत नाही.

मुंबईच्या उपनगरातील एका शाळेत मी हॉकी शिकवतो. आमच्याकडे राइट हाफ, म्हणजे मधल्या फळीत उजव्या बाजूला खेळणारी एक विद्यार्थिनी १४ वर्षांखालील गटातील हुकमी खेळाडू आहे. गेल्या हंगामात १७ वर्षांखालील संघाच्या निवड चाचणीसाठी मी तिचे नाव पाठवले. चाचणी चर्चगेटजवळच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर होती. आपल्यापेक्षा वीतभर उंच मुली सराव करताना पाहून ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, माझे हात गार पडलेत. स्टिक हातात आहे असं वाटतच नाहीये." सोबत आलेली तिची आई लगेच म्हणाली, "अगं, घाबरतेस काय? बिनधास्त खेळ." आईचा हेतू चांगलाच होता, पण घाबरू नकोस असे सांगितल्याने कोणाची भीती गेल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. उलट, आपण घाबरलो आहोत हे सर्वांना दिसते आहे, अशी आणखी एक चिंता त्या मुलाच्या डोक्यावर बसते.

शिवाय तिची भीती निराधार नव्हती. आमच्या शाळेचे मैदान मातीचे आहे. मातीवर चेंडू उसळतो, वळतो, मध्येच मंदावतो, आणि त्याची वाट पाहत थोडे ताठ उभे राहण्याची सवय पायांना लागते. पाणी मारलेल्या टर्फवर तोच चेंडू जमिनीलगत, सरळ आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर येतो; तिथे गुडघे वाकवून खाली राहावेच लागते. मी तिला भारतीय संघाचीच गोष्ट सांगितली. १९७५ मध्ये क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला आपला संघ १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये सातवा आला, आणि ऑलिंपिकमधील हॉकी कृत्रिम टर्फवर खेळली जाण्याची ती पहिलीच वेळ होती. अपयशाला इतरही कारणे असतील, परंतु जगज्जेत्यांनाही नवा पृष्ठभाग जड जातो, हे ऐकून तिच्या खांद्यांचा ताण थोडा उतरला. आपली भीती सकारण आहे हे कळले की मुले लाजायचे थांबतात, असा माझा अनुभव आहे.

मग मी तिला एकच काम दिले. चेंडू आपल्याकडे येणार असे दिसताच तोंडाने सावकाश श्वास सोडायचा आणि त्याच वेळी उजव्या हाताची बोटे उघडून पुन्हा अलगद मिटायची. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते, हे शरीरशास्त्र आहे. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, मन शांत कर या सूचनेचे काय करायचे ते तिच्या वयाच्या मुलीला समजत नाही, बोटे उघड ही सूचना मात्र तिला लगेच पाळता येते.

खेळ सुरू झाला. चाचणीत बाहेरून सूचना द्यायची मुभा नसल्याने मी कठड्याला टेकून उभा होतो. पहिला पास तिच्या स्टिकवरून उडाला आणि प्रतिस्पर्धी फॉरवर्ड तो घेऊन थेट डीपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळापर्यंत गेली. दुसरा पास तिच्या स्टिकखालून बाजूच्या रेषेपार गेला. अशा वेळी घाबरलेले खेळाडू काय करतात, हे जाणकाराला लगेच दिसते: ते मैदानावर लपतात. धावताना दिसतात, पण प्रतिस्पर्ध्याच्या अशा आडोशाला राहतात की कोणी त्यांना पास देऊच शकणार नाही. माझी नजर त्यामुळे चेंडूवर नव्हतीच. माझी विद्यार्थिनी मात्र रेषेच्या दिशेने सरकून मोकळ्या जागेत आली आणि स्टिक जमिनीवर आपटून तिने चेंडू मागितला. पास येण्याआधी तिची बोटे उघडलेली मला स्पष्ट दिसली. चेंडू स्टिकला लागून जागीच थांबला आणि तिने तो साध्या पुशने सेंटर हाफला दिला. त्यात दिपवणारे काही नव्हते. त्यानंतरही तिच्याकडून चुका झाल्या. एकदा तर फ्री हिट स्वतःच पुढे घेऊन जाण्याच्या नादात तिने चेंडू गमावला, पण लगेच मागे धावत जाऊन तो परतही मिळवला.

चाचणी संपल्यावर निवड समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला तिच्याविषयी विचारले. स्टॉपिंग कच्चे आहे, असे ते स्पष्टपणे म्हणाले. त्यांच्या वहीत तिच्या क्रमांकापुढे, दोनदा चेंडू गमावल्यानंतरही ती चेंडू मागत राहिली, अशी नोंद होती. मुख्य संघात तिचे नाव आले नाही. राखीव खेळाडूंत आले.

आई आनंदली होती, मुलगी अजिबात नव्हती. राइट हाफच्या जागेवर निवडल्या गेलेल्या मुलीचा रिव्हर्स टॅकल, म्हणजे स्टिक उलटी करून चेंडू हिसकावणे, किती कमकुवत आहे, हे ती परतीच्या लोकलमध्ये अंधेरी येईपर्यंत मला तपशीलवार समजावून सांगत होती, आणि तिचे निरीक्षण बरोबर होते.