हेल्मेटमधला हेडसेट: आकडा १३ वरून ८ वर, मग परत वर

पहिला रविवार

बाइकवर इअरबड्स घालायचा नाद अखेर सोडला. हेल्मेट डोक्यात घालताना डावा बड हमखास निसटायचा आणि पुढचा तासभर गालाच्या पॅडमध्ये अडकून टोचत राहायचा. आता रीतसर हेल्मेटचा हेडसेट आणलाय. डब्यात ४० मिलिमीटरचे दोन चपटे स्पीकर, एक दांडीचा माइक, एक वायरवरचा बटणाएवढा माइक, क्लॅम्प, वेल्क्रोच्या चकत्या आणि एक अ‍ॅलन की निघाली. माझं हेल्मेट फुलफेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, त्यामुळे दांडीचा माइक डब्यातच राहिला. बटणांचं मुख्य युनिट हेल्मेटच्या डाव्या बाजूला लावलं, कारण उजवा हात थ्रॉटलवर असतो आणि बटणं दाबायला डावाच मोकळा. म्हणजे क्लचवर नसेल तेव्हा.

प्रगती मोजायला एक साधं माप ठरवलं. माझ्या फोनच्या आवाजाला १५ पायऱ्या आहेत. रस्ता तोच, वेग ताशी ८०, ऐकायचा कार्यक्रमही तोच, नुसत्या गप्पांचा. निवेदकाचं बोलणं न अडखळता कळायला किती पायऱ्या लागतात, तेवढं वहीत लिहायचं. पहिल्या फेरीचा आकडा १३. घरी येऊन हेल्मेट काढलं तर कानात बराच वेळ शिट्टी वाजत होती.

दुसरा रविवार

आठवडाभर स्पीकरला नावं ठेवली. स्पीकर बिचारा ठीक आहे, मीच तो चुकीच्या जागी बसवला होता.

हेल्मेटच्या थर्माकोलमध्ये कानापाशी खोलगट जागा असते. मी स्पीकर तिच्या बरोबर मध्यावर चिकटवून मोकळा झालो होतो. पण माझा कान काही त्या खड्ड्याच्या मध्यावर येत नाही. अस्तर काढलं, हेल्मेट तसंच घातलं, खालून बोट सरकवून कानाचं छिद्र कुठे येतं ते चाचपलं आणि तिथे कागदी टेपचा तुकडा लावला. हेल्मेट काढून बघतो तर टेप स्पीकरच्या मध्यापासून चांगली दीड बोट पुढे आणि थोडी वर. म्हणजे आठवडाभर मी कानाच्या पाळीला गप्पा ऐकवत होतो.

स्पीकर टेपवर आणला आणि आकडा १३ चा १० झाला. मग खाली ३ मिलिमीटरचा फोम घालून स्पीकर कानाजवळ ढकलला, तर ८! खुशीत लांब फिरून आलो. चाळीस मिनिटांनी उजव्या कानाची कड अशी ठणकायला लागली की रस्त्याच्या कडेला थांबून हेल्मेट काढावं लागलं. फोम अर्धा सोलला आणि आकडा ९ वर स्थिरावला. कान शाबूत राहणार असेल तर एका पायरीचं मला काही वाटत नाही. स्पीकर कानाला टेकू नये, पण कान आणि तो यांत बोटभर पोकळीही राहू नये. माझ्या हेल्मेटात या दोन्हींमधलं अंतर जेमतेम दोन मिलिमीटर निघालं.

एक मोह टाळला, तो लिहून ठेवतो. खड्डा जरा कोरला असता तर सगळं झकास बसलं असतं आणि कटर हातात होताही. पण तो थर्माकोल चेपला जाऊन धक्का पोटात घेतो, त्याची जाडी तिथे उगाच ठेवलेली नसते. गोंदाचंही तेच. पेट्रोल, थिनर किंवा तसल्या द्रावणाचा गोंद थर्माकोलला लागला की तो विरघळतो. वेल्क्रोची चकती पुरते.

मधला एक दिवस

मॅपवाली बाई मला फक्त ‘वळा’ एवढंच सांगत होती. कुठे वळा? ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ हा कामाचा भाग हवेत गायब. दोन चौक चुकल्यावर लक्षात आलं की बराच वेळ काही वाजत नसलं की हेडसेटकडे जाणारा आवाजाचा प्रवाह बंद पडतो. सूचना आली की तो जागा व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात वाक्याची सुरुवात गिळली जाते. इंग्रजी सूचनेत क्रियापद दिशेच्या आधी येतं, आपल्याकडे ते शेवटी, त्यामुळे माझ्या वाट्याला नेमकं क्रियापदच उरायचं. उपाय अगदी गावठी आहे. मागे काहीतरी अगदी हळू वाजत ठेवायचं. मी तासाभराची एक निःशब्द फाइल करून ती लूपवर लावतो. प्रवाह उघडा राहतो आणि बाई पूर्ण वाक्यात बोलते.

तिसरा रविवार, माइक

धाकट्या बहिणीला फोन लावला. तिचं पहिलं वाक्य, “दादा, पिठाच्या गिरणीत उभा आहेस का?”

माइकला पुढची-मागची बाजू असते हे मला माहीत नव्हतं. फोमची टोपी काढल्यावर एका बाजूला बारीक पांढरा ठिपका दिसला. तो ओठांकडे हवा, माझा काचेकडे होता. टोपी घालताना हा ठिपका पुन्हा फिरतो, म्हणून आता टोपीवरही पेनाने खूण केली आहे. दुसरं म्हणजे माइक बरोबर हनुवटीच्या व्हेंटसमोर, म्हणजे हवेच्या भोकासमोर बसला होता, सगळा वारा थेट त्याच्या तोंडावर. दोन सेंटिमीटर डावीकडे सरकवला.

तपासायची पद्धत बहिणीचीच. ती म्हणाली, “तू कविता म्हणू नकोस, आकडे म्हण. अंदाजाने कळणार नाही असं काहीतरी.” मग फोनच्या रेकॉर्डरला ब्लूटूथचा माइक निवडून दिला आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर म्हणत गेलो: साठ, आठ, सात, सदतीस, सदुसष्ट, एकोणतीस, एकोणचाळीस, असे दहा. संध्याकाळी तिने रेकॉर्डिंग ऐकून कागदावर लिहून काढलं. पहिल्या खेपेला दहापैकी चार बरोबर. ठिपका आणि जागा सुधारल्यावर आठ. उरलेल्या दोन्ही चुका एकाच जातीच्या, साठचं आठ.

इथे दोष सगळा वाऱ्याचा नाही. गाणं ऐकताना ब्लूटूथ ए-टू-डी-पी हा प्रोफाइल, म्हणजे आवाज पाठवायची ठरलेली पद्धत वापरतो, स्टिरिओ आणि बऱ्यापैकी भरदार. माइक चालू झाला की दोन्ही यंत्रं एच-एफ-पी या कॉलच्या प्रोफाइलवर जातात. तिथे आवाज मोनो होतो आणि जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुनेच घेतले जातात, म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही. ‘स’चा जीव बराचसा त्याच्याही वर असतो. तो कापला की साठमधून ‘स’ जातो आणि उरतो आठ. फोन आणि हेडसेट दोघांनाही वाइडबँड जमत असेल तर नमुने १६,००० होतात. माझ्या हेडसेटमध्ये तो पर्याय अ‍ॅपच्या तळाशी, बंद अवस्थेत पडून होता. कॉल आला की गाणं अचानक डब्यातून आल्यासारखं का वाटतं, याचंही उत्तर हेच.

चौथा आणि पाचवा रविवार

आता वहीतला आकडा बिघडणार होता, तेही मी होऊन.

शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतील, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. हिशोब केला तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटं येतात. पहिल्या दिवशीची शिट्टी आठवली. म्हणजे मी वाऱ्यावर मात करायला त्याच्यावर आणखी आवाज ओतत होतो.

फोमचे इअरप्लग घेतले. गोळा बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट घातलेला प्लग नुसता शोभेचा. हेल्मेट घालताना तो बाहेर येत असेल तर पुरेसा आत गेलाच नव्हता.

आकडा ९ चा १२ झाला. वाटलं, सगळी मेहनत पाण्यात. पण वहीत शेजारी लिहिलंय: ‘शब्द जास्त स्वच्छ, घरी आल्यावर शिट्टी नाही.’ प्लग वारा आणि स्पीकर दोघांनाही दाबतो, कानापर्यंत पोचतो तो एकूण आवाजच कमी. तेव्हा आता प्लग घालून आलेला आकडा प्लग घालून आलेल्याच आकड्याशी ताडायचा, जुन्या ओळी पेन्सिलने खोडल्या. प्लग वरच्या पट्टीचे सूर जास्त खातो, म्हणून इक्वलायझरमध्ये बास उतरवला आणि मधले-वरचे दांडे चढवले. १२ चे ११.

मग वाऱ्याच्याच मागे लागलो. सरळ रस्त्यावर फूटपेगवर क्षणभर उभा राहिलो आणि गडगडाट एकदम सपाट सळसळीवर आला. म्हणजे गोंधळ घालत होती ती विंडस्क्रीन, तिच्या काठावरून सुटलेली भोवऱ्याची हवा थेट हेल्मेटच्या तळाशी आदळत होती. स्क्रीन सर्वांत खालच्या भोकांवर उतरवली, गळ्याभोवती कापडी पट्टा घातला. आकडा ९, प्लगसकट! प्लग घातल्यापासून एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच खटपटीने पडला नव्हता. याच नादात एक बारीक शीळही सापडली, ती क्लॅम्प आणि कवचाच्या फटीतून येत होती. युनिट सेंटिमीटरभर मागे घेतल्यावर ती गेली.

सहावा रविवार

पुन्हा आकड्यांची परीक्षा. ताशी ६० ला दहापैकी दहा. बहिणीला खरं वाटेना, “गाडी बंद करून म्हटलेस ना?” ९० ला नऊ. चुकलेला कोणता हे सांगायला नकोच. डब्यात माइकची एक जाड फोमची टोपी अजून न वापरलेली आहे, पुढच्या रविवारी ती.