तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावातून इंग्रजांशी कोण लढलं?

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की जेवणं आटोपल्यावर हा प्रश्न हमखास निघतो. "बेळगाव म्हटलं की सीमाप्रश्न, ते माहीत आहे हो. पण इंग्रजांशी तुमच्याकडून कोण लढलं?" आणि पाठोपाठ, आवाज जरा खाली आणून, "म्हणजे, आपल्यापैकी?" शाळेतली पोरं हा दुसरा भाग विचारत नाहीत. ती नाव ऐकून आडनाव विचारतात. मुद्दा तोच.

प्रश्नाचा राग येत नाही. इथल्या मराठी घरात 'हुतात्मा' म्हटलं की आधी १७ जानेवारी १९५६ आठवतो, सीमाप्रश्नाच्या आंदोलनातला गोळीबार आठवतो. ते पाहिलेली माणसं आत्ताआत्तापर्यंत आमच्यात होती. त्या आठवणीपुढं १८५८ चं बंड आणि १९३० चा सत्याग्रह मागं पडणारच. तिकडं कन्नड बाजूला कित्तूर संस्थानची राणी चन्नम्मा आणि तिच्या बाजूनं लढलेला संगोळ्ळी रायण्णा एवढे मोठे झालेत की दुसऱ्या कुणाला चौक उरलेला नाही. राहिले ते मधले. ज्यांचं आडनाव एका भाषेतलं आणि माती दुसऱ्या भाषेतली, त्यांना दोन्हीकडच्या भाषणांत जागा मिळाली नाही. तुमच्या 'आपल्यापैकी'वर अडखळणारे तेच.

नरगुंदकर भावे घ्या. भास्करराव भावे, लोक बाबासाहेब म्हणायचे. आडनाव अस्सल कोकणातलं, संस्थान मलप्रभेच्या काठावरच्या कन्नड मुलखातलं. पोटी मुलगा नव्हता आणि दत्तक घ्यायला इंग्रजांनी परवानगी दिली नाही. मे १८५८ मध्ये त्यांनी बंड पुकारलं. सुरेबान गावी मुक्कामाला आलेला पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि त्याचं शीर नरगुंदच्या वेशीवर टांगलं गेलं. पुढं सगळं झपाट्यानं झालं. गड पडला, तोरगलच्या जंगलात बाबासाहेब सापडले आणि १२ जून १८५८ रोजी त्यांना फाशी दिलं. कुठं? बेळगावात. आमच्या गावात. नरगुंदच्या बाजूला आजही बाबासाहेबांचं नाव आदरानं घेतात. आम्ही त्यांना मराठी इतिहासात एक-दोन ओळींत उरकलं, आणि गावात त्या फाशीबद्दल विचारलं तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. सांगा बरं, हे 'आपले' की 'त्यांचे'?

रायण्णा विस्मरणात गेलेला नाही. बेंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्टेशनला त्याचं नाव आहे. पण त्याचा शेवट आमच्या खानापूर तालुक्यात झाला, आणि हा तालुका बहुतांशी मराठी बोलतो, हे पाहुण्यांना सांगितलं की ते चमकतात. तो गावचा शेतसनदी, म्हणजे जमिनीच्या बदल्यात राखणीची चाकरी करणारा. इंग्रजांनी ती जमीन काढून घेतली, उरलेल्यावर सारा चढवला. कित्तूर १८२४ सालीच पडलं होतं, राणी बैलहोंगलच्या कैदेत वारली होती, तरी हा गडी खानापूरच्या रानातून लढत राहिला. बिडी गावची सरकारी कचेरी त्यानं जाळली, ती त्याच काळात. आंघोळीला उतरलेला असताना घात करून त्याला धरला आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी दिलं. जन्म १५ ऑगस्टचा सांगतात, त्यामुळं दोन्ही झेंडावंदनांना त्याचं नाव आपोआप येतं.

नंदगडला त्याच्या समाधीवर वड आहे. त्याच्या सोबत्यानं लावलेलं रोप, असं सांगतात. फांद्यांना लाकडाचे इवलेसे पाळणे बांधलेले असतात, काही नवे रंगवलेले, काही पावसानं काळे पडलेले, दोरा कुजून एका बाजूला लोंबणारे. मूल व्हावं म्हणून बायका नवस बोलतात. एकदा तिथं पाळणा बांधणाऱ्या एका म्हातारीनं मला विचारलं, "कुठनं आलासा?" सांगितलं. मग मीच विचारलं, "आजी, हा कोण होता, ठाऊक आहे?" ती म्हणाली, "देवच की. सायबाला भ्याला नाही." सुनेसाठी आली होती. सून कन्नड घरातली, सासू मराठी, देव दोघींचा. माझं भाषण खिशातच राहिलं.

पण रायण्णाबरोबर त्याचे सोबतीही फासावर गेले. त्यांची नावं त्या वडाखाली जमलेल्या पन्नास माणसांत एखाद्यालाच सांगता येतील. सिद्दी समाजातल्या गजवीराचं नाव लोककथेत तेवढं येतं. माझ्या मते विसरलेले वीर म्हणायचे ते हे. पुढाऱ्याला झाड मिळालं, पाळणे मिळाले. मागच्या रांगेतल्यांना काय?

१९२४ चं अधिवेशन सगळ्यांना पाठ असतं, कारण गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते फक्त बेळगावात. टिळकवाडीत त्या वेळी खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखतात. हजारो माणसांच्या पाण्यासाठी ती खणली. ते सगळं उभं करणारे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. जन्म १८७१ चा, घराणं वतनदार. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग काढली ती बेळगावात, तेव्हा गंगाधरराव त्यांच्या बाजूला होते. टिळकांनंतर ते गांधीजींकडं गेले, आणि नुसते गेले नाहीत, हुदलीत खादी रुजवली. १९३७ मध्ये गांधी सेवा संघाच्या संमेलनाला गांधीजी त्या खेड्यात येऊन राहिले होते. लोक गंगाधररावांना कर्नाटकसिंह म्हणायचे. आणि या कर्नाटकसिंहानं आत्मचरित्र लिहिलं ते मराठीत! पुण्यातल्या माणसाला 'कर्नाटक' ऐकून ते परके वाटतात, इकडच्या काहींना 'देशपांडे' आणि मराठी पुस्तक बघून. अधिवेशनाच्या शताब्दीच्या निमित्तानं बेळगावात त्यांचं स्मारक झालं, हे बरं झालं. हुदलीत खादी अजून विणली जाते. पण खरं सांगायचं तर आमच्याकडं हुदली म्हटलं की आधी लोणचं आठवतं.

याच गंगाधररावांमुळं दोन माणसं बिहारात पोचली, आणि मला सगळ्यात जास्त कौतुक त्यांचं. १९१७ मध्ये चंपारणच्या खेड्यांत शाळा काढायला गांधीजींनी स्वयंसेवक मागवले. गंगाधररावांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक यांना पाठवलं. पुंडलिक म्हणजे पुंडलिकजी कातगडे. भितिहरवाची शाळा बांबू-गवताची होती. एका रात्री ती जळाली. गांधीजींना संशय होता की शेजारच्या निळीच्या मळेवाल्यांनी जाळली असावी. ती शाळा सोमण आणि कस्तुरबांकडं होती. सोमणांनी ठरवलं, आता पक्की बांधायची. स्वतः राबले, त्यांचं बघून गावकरी लागले आणि विटांची इमारत उभी राहिली. हे खुद्द गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय. चंपारणवर आपल्याकडं एवढं बोललं जातं, पण बेळगावच्या या दोघांची नावं त्यात क्वचितच ऐकू येतात. त्यांनी कुणाला मारलं नाही, ते फासावर चढले नाहीत, दुसऱ्याच्या मुलखात जाऊन पोरांना अक्षरं शिकवली. असल्या माणसांचे पुतळे होत नसतात.

गोव्याचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय काढला की पाहुण्यांची गाडी चुकते. पोर्तुगीजांविरुद्धचा गुप्त रेडिओ आधी आंबोलीच्या रानातून आणि मग आमच्या शेजारच्या कॅसलरॉकमधून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवला, १९५५ पासून थेट १९६१ मध्ये गोवा सुटेपर्यंत.

माणसं विसरली जातात त्यात कागदाचा हातही मोठा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळं इंग्रजी अमदानीतली कितीतरी दप्तरं मुंबईत, जुने कागद मोडीत, आणि राजधानी बेंगळुरू. तिकडच्या संशोधकाला मोडी येत नाही, मुंबईच्या संशोधकाला वाटतं बेळगाव आता आपल्या हद्दीत नाही. त्यात बेचाळीसची चळवळ. आमच्या जिल्ह्यात चावड्यांमधली दप्तरं जाळली, तारा तोडल्या. जो पकडला गेला त्याचं नाव पोलिसांच्या कागदावर आलं. जो हुशारीनं निसटला तो इतिहासातूनही निसटला. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ मध्ये सुरू झाली. तिचा नियम सहा महिने तुरुंगवासाचा, बायकांना तीन महिन्यांचा. भूमिगत असाल तर फरारी म्हणून जाहीर झालेलं हवं, डोक्यावर बक्षीस हवं किंवा वॉरंट निघालेलं हवं. नियम चुकीचा नाही, पैसे वाटायचे तर पुरावा लागतोच. पण आमच्या गल्लीतल्या एक आजी बेचाळीसच्या पोरांना रात्री मागच्या दारानं भाकऱ्या द्यायच्या. वर झुणका, तो पातळ असेल तर पोरं कुरकुरायची, हेसुद्धा त्या सांगायच्या. भाकरीचं वॉरंट निघत नाही. त्यांनी कधी अर्ज केला नाही, आणि केला असता तरी कारकुनानं तो कुठल्या रकान्यात बसवला असता?

म्हणून आता कुणी 'आपल्यापैकी कोण' असं विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्या माळ्यावर काय आहे? आमच्याकडच्या घराघरांत पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत तुरुंगातून आलेली पोस्टकार्डं निघतात, कुणाच्या कोनाड्यात ताम्रपट असतो, आणि मोडीतली दोन-चार पानं, जी जमिनीची असतील म्हणून जपलेली असतात. पुढच्या वेळी बेळगावला याल तेव्हा मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर सोबत घेऊन या. जेवायला आमच्याकडंच.