चावरा मुलगा आणि सोसायटीचं ऑफिस

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस आहे. सकाळचं ते रिकामंच असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार दहा ते साडेअकरा आम्ही सहा-सात जणी आणि एक आजोबा तिथे पोरं घेऊन बसतो. फी नाही, टीचर नाही. एक सतरंजी, कपड्यांचे चिमटे, तांदूळ भरून झाकणं पक्की चिकटवलेल्या बाटल्या आणि कुणाची तरी जुनी भातुकली. दीड-दोन वर्षांची पोरं एकमेकांशी खेळतात असंही नाही, नुसती शेजारी-शेजारी आपापलं खेळतात.

पहिल्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी एका मुलीच्या दंडाला कडकडून चावा घेतला. माझ्या पोटात गोळा आला. सॉरी-सॉरी म्हणत त्याला उचललं आणि दाराकडे निघाले. तिच्या आईने लेकीच्या दंडावरून ओला रुमाल फिरवला, मग स्वतःच्या कुर्त्याची बाही वर सारली. कोपराच्या वर पिवळा पडत चाललेला अर्धगोल वळ. "हा हिचाच, गेल्या रविवारचा. तुझ्याकडे अजून पुढचेच दात आहेत, आमच्याकडे दाढा आल्यात. बस खाली."

तोवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी मोबाईलवर 'मूल चावते उपाय' शोधायचे. नीट बोलता येत नाही तोवर या वयाची मुलं चावतात, हे तिथेही लिहिलेलं होतंच. पटलं मात्र तो वळ बघून.

सगळंच गोड नाही. "तुझा अजून दोनच शब्द बोलतो?" विचारणारी एक आहेच. कमिटीतल्या एकांना आवाजाचा त्रास होतो.

माझी आई हसते. तिने मला परळच्या चाळीत वाढवलं, तिथे गॅलरीतच हे सगळं होतं. आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ ठरवून गॅलरी भरवावी लागते.

आजोबा मूळचे बोर्डीचे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली तिथे बालवाडी काढली, मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, हे ते दर शुक्रवारी सांगतात. आणि दर शुक्रवारी नातू त्यांचा चष्मा ओढतो.

परवा आमचा पुन्हा चावला, यावेळी आजोबांना. मी उठायच्या आत ते म्हणाले, "राहू दे गं. माझी कवळी घरी राहिलीये, नाहीतर हिशोब चुकता केला असता."